१० जानेवारीचा दिनविशेष : हाफकिन यांची लस आणि जमिनीवर पडलेला चिमटा



सकाळी चहाचा कप हातात घेतला की मोबाईलवर "आजचा दिनविशेष" येऊन पडलेला असतो. जन्म, मृत्यू, घटना अशा एकाखाली एक ओळी. आपण त्या वाचतो, "अरे वा" म्हणतो आणि पुढच्या मेसेजकडे वळतो. माझ्या दवाखान्यात काम करणाऱ्या मुलीचा धाकटा भाऊ स्पर्धा परीक्षांची तयारी करतो. तो या ओळी वहीत उतरवून पाठ करतो. एकदा त्याने मला विचारलं, "सर, १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी स्वतःला प्लेगची लस टोचून घेतली, असं लिहिलंय. परीक्षेत एवढंच विचारतात. पण स्वतःला का टोचली? दुसऱ्या कुणाला का नाही?"

प्रश्न मला फार आवडला. ओळ पाठ झाली की मार्क मिळतो, पण गोष्ट कळली तर ती आयुष्यभर लक्षात राहते. शिवाय या एका ओळीमागे आणखी चार-पाच तारखा उभ्या आहेत आणि त्यातल्या बहुतेक आपल्या महाराष्ट्राच्या आहेत. तेव्हा आज त्या क्रमाने पाहू.

२३ सप्टेंबर १८९६ : मांडवीतलं निदान

मुंबईच्या मांडवी भागात, गोदीजवळच्या दाट वस्तीत, १८९६ च्या पावसाळ्याच्या शेवटी लोक विचित्र तापाने मरू लागले होते. अचानक थंडी वाजून ताप, जांघेत किंवा काखेत अवधाणासारखी मोठी दुखरी गाठ, आणि काही दिवसांत मृत्यू. अकासिओ व्हिएगास हे तिथे काम करणारे डॉक्टर. मूळचे गोव्याच्या हडफड्याचे, शिक्षण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. त्यांनी या रुग्णांना तपासून हा गाठीचा प्लेग आहे असं निदान केलं आणि ते जाहीरपणे सांगितलं.

निदान करणं एक आणि ते जाहीर करणं दुसरं. प्लेग म्हटलं की बंदरं बंद, व्यापार बंद. कुणालाच हे ऐकायचं नव्हतं. पण डॉक्टर बोलले म्हणून निदान शहर जागं झालं. मुंबईत मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. आपल्यापैकी कित्येक जण त्याच्यासमोरून बस पकडतात.

प्लेगचा जंतू तेव्हा नुकताच, १८९४ मध्ये, हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सिन यांनी शोधला होता. पण तो पसरतो कसा, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. उंदरांवरच्या पिसवांमुळे हा रोग माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून दाखवलं. म्हणजे १८९६-९७ मध्ये सरकार, डॉक्टर आणि जनता, तिघेही अंधारात चाचपडत होते. पुढचं सगळं वाचताना हे लक्षात ठेवा.

१० जानेवारी १८९७ : भायखळ्याची एक खोली

वाल्डेमार मोर्देकाय हाफकिन यांचा जन्म १८६० सालचा, ओडेसाचा. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं. ज्यू असल्यामुळे तिथे पुढे जायला वाव नव्हता. पॅरिसला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये ते आले तेव्हा त्यांना काम मिळालं ते ग्रंथालयातलं. उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत बसत. १८९२ मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि तीही आधी स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले आणि कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये त्यांनी हजारो लोकांना कॉलऱ्याची लस दिली.

मुंबईत प्लेग आल्यावर सरकारने त्यांना बोलावून घेतलं. ऑक्टोबर १८९६ मध्ये ते मुंबईत आले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई. अशा जागेत पुढच्या तीन महिन्यांत त्यांनी प्लेगची लस तयार केली.

ती कशी, हे थोडक्यात सांगतो, कारण त्यात आपल्या स्वयंपाकघरातली एक वस्तू आहे. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे. पण ते भरपूर वाढायला हवेत. हाफकिन यांनी त्या द्रवावर तुपाचे थेंब सोडले. तुपाचे थेंब वर तरंगतात, जंतू त्यांना खालून चिकटून लोंबत्या धाग्यांसारखे वाढतात. मग चंबू हलवायचा, धागे तळाशी जातात आणि वर नवे धागे वाढतात. असं काही आठवडे करायचं. शेवटी सगळं गरम करून जंतू मारायचे. हे मेलेले जंतू शरीरात गेले की रोग होत नाही, पण आपल्या प्रतिकारशक्तीला शत्रूचा चेहरा ओळखीचा होतो. आजही काही लसी याच तत्त्वावर, म्हणजे मारलेल्या जंतूंपासून, बनतात. कोविडची कोव्हॅक्सिन ही त्यातलीच.

सशांवर लस चालली. आता माणूस हवा होता. १० जानेवारी १८९७ ला हाफकिन यांनी स्वतःला १० सीसी लस टोचून घेतली. पुढे लोकांना दिलेल्या डोसपेक्षा हा डोस कितीतरी मोठा होता. ताप आला, टोचल्या जागी दुखलं, काही दिवसांत सगळं ओसरलं.

आता त्या मुलाचा प्रश्न. स्वतःला का? पहिलं कारण सरळ आहे. धोका किती हे माहीत नसताना दुसऱ्यावर प्रयोग करण्यापूर्वी तो स्वतः घ्यावा, असं त्या काळचे अनेक संशोधक मानत. आज आपण असं करत नाही. आज लसीच्या चाचण्यांना टप्पे असतात, नैतिकता समिती असते, सहभागी होणाऱ्याची लेखी संमती असते. एका माणसाला त्रास झाला नाही, एवढ्यावरून लस सुरक्षित ठरत नाही. दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. समोर घाबरलेलं शहर होतं. त्याला "घ्या" म्हणण्याआधी "मी घेतली आहे" असं सांगता येणं गरजेचं होतं.

त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तिथे जे कैदी स्वेच्छेने पुढे आले त्यांना लस दिली आणि न घेतलेल्यांशी त्यांची तुलना केली. लस न घेतलेल्यांमध्ये आजार आणि मृत्यू जास्त झाले. एकाच जागी राहणारे, एकच अन्न खाणारे दोन गट आणि फरक फक्त लसीचा. आजच्या वैद्यकीय चाचण्यांचा गाभा हाच आहे. कैद्याची "स्वेच्छा" कितपत खरी, हा प्रश्न आज आपण नक्की विचारू, आणि विचारायलाच हवा.

१० मार्च आणि २२ जून १८९७ : पुण्याच्या दोन तारखा

लस निघाली म्हणजे प्रश्न सुटला असं झालं नाही. ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा झाला. हाच कायदा २०२० मध्ये कोविडसाठी पुन्हा वापरला गेला. त्याच्या आधाराने पुण्यात प्लेग अधिकारी वॉल्टर रँड यांनी सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. रुग्ण शोधून इस्पितळात, घरच्यांना वेगळ्या छावणीत, सामान रस्त्यावर किंवा जाळून टाकलेलं. सैनिक देवघरात, माजघरात शिरत. बायकांची तपासणी उघड्यावर होई. रुग्ण वेगळा ठेवणं वैद्यकीयदृष्ट्या चूक नव्हतं, पण माणसांना ज्या पद्धतीने वागवलं ती पद्धत भयंकर होती. परिणाम असा झाला की लोक रुग्ण लपवू लागले. मुंबईतही त्याआधी, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला होता. इस्पितळात नेतात ते मारायलाच, अशी अफवा होती.

२२ जून १८९७ ला व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. लेफ्टनंट आयर्स्ट जागीच गेले, रँड ३ जुलैला. ही तारीख आपल्याला शाळेपासून पाठ आहे. पण तिच्यामागे एक साथीचा रोग होता, हे अनेकदा निसटून जातं.

आणि त्याच पुण्यात, तीन महिने आधी, १० मार्च १८९७ ला सावित्रीबाई फुले गेल्या. दत्तक मुलगा डॉक्टर यशवंत यांच्यासोबत त्या प्लेगच्या रुग्णांची सेवा करत होत्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. मुलगा वाचला, सावित्रीबाईंना प्लेग झाला.

एकच रोग, एकच शहर. एकीकडे बंदूक घेऊन दारात उभा असलेला सैनिक, दुसरीकडे आजारी पोराला पाठीवर घेणारी ६६ वर्षांची बाई. लोक कुणाबरोबर दवाखान्यात जातील, हे वेगळं सांगायला नको. हाफकिन स्वतः लस ऐच्छिक असावी या मताचे होते. आगाखान तिसरे तेव्हा जेमतेम विशीत होते. त्यांनी लोकांसमोर स्वतः लस टोचून घेतली, प्रयोगशाळेला जागा दिली आणि खोजा समाजातले हजारो लोक लस घ्यायला पुढे आले. कायद्याने जे जमलं नाही ते एका ओळखीच्या माणसाने दंड पुढे केल्यावर जमलं.

१८९९ मध्ये परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग प्रयोगशाळा सुरू झाली. तीच आजची हाफकिन संस्था. १९२५ मध्ये तिला त्यांचं नाव दिलं गेलं.

३० ऑक्टोबर १९०२ : बाटली क्रमांक ५३-एन

ही तारीख दिनविशेषात सहसा नसते. मला मात्र सगळ्यांत जास्त हीच सांगायची आहे.

पंजाबातल्या मुल्कोवाल या गावात, जे आज पाकिस्तानात आहे, त्या दिवशी १०७ लोकांना मुंबईहून आलेली प्लेगची लस दिली गेली. त्यातल्या १९ जणांना एकाच बाटलीतून, ५३-एन मधून, लस मिळाली होती. सुमारे आठवड्याभराने या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळेच्या सगळे दगावले. बाकीच्या बाटल्यांमधून लस घेतलेल्यांना काही झालं नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. आयोगाचा निष्कर्ष असा, की बाटली मुंबईच्या प्रयोगशाळेतच दूषित झाली होती. हाफकिन यांनी लस बनवण्याच्या पद्धतीत बदल केला होता, हेही समोर आलं. आधी ते जंतू उष्णतेने मारून शिवाय कार्बोलिक ॲसिड घालत. पंजाबकडून प्रचंड मागणी आल्यावर त्यांनी कार्बोलिक वगळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये तशी पद्धत होती. हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. ते लंडनला जाऊन आपली बाजू मांडत राहिले.

पण चौकशीच्या कागदांतच एक नोंद होती. मुल्कोवालला बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता, नुसता जंतुनाशक पाण्यातून काढून, त्यानेच बाटलीचं बूच काढलं होतं.

आता डॉक्टर म्हणून थोडं समजावून सांगतो. धनुर्वाताचा जंतू मातीत असतो, विशेषतः गुरांचं शेण पडलेल्या मातीत. तो बीजाणूच्या रूपात राहतो, म्हणजे कठीण कवचात झोपलेला. हे कवच इतकं चिवट असतं की साध्या जंतुनाशकात बुडवून ते मरत नाही, काही वेळा उकळूनही पूर्ण मरत नाही. म्हणून आपण ऑटोक्लेव्ह वापरतो. त्यात दाबाखालच्या वाफेत १२१ अंश सेल्सिअस तापमान पंधरा-वीस मिनिटं ठेवतात. प्रेशर कुकरचंच हे मोठं भावंडं समजा.

बाटली प्रयोगशाळेतच दूषित झाली असती, तर ती गावात पोचेपर्यंतच्या काळात जंतू वाढले असते, त्यांचं विष बाटलीत साठलं असतं आणि अशा वाढीला येणारी घाण बाटली उघडताच नाकाला जाणवली असती. तशी घाण कुणाला जाणवली नव्हती. शिवाय तयार विष टोचलं गेलं असतं तर लक्षणं लवकर दिसली असती. आठवड्याचा अवधी हा जंतू शरीरात शिरून मग वाढल्याचा, म्हणजे दूषितीकरण उघडताना झाल्याचा इशारा देतो. मलेरियाच्या शोधासाठी नोबेल मिळालेले रोनाल्ड रॉस यांनी हाच मुद्दा उचलून धरला. जुलै १९०७ मध्ये त्यांनी आणि इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्समध्ये पत्र लिहून हाफकिन यांच्यावरचा ठपका सिद्ध होत नसल्याचं सांगितलं. त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांना पुन्हा कामावर बोलावलं गेलं.

ते कलकत्त्याला परतले, पण परळला नाही. पूर्वीसारखं लसीचं काम त्यांच्या वाट्याला पुन्हा आलं नाही. निवृत्त होऊन ते युरोपात गेले आणि २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट काढलं.

दोन गोष्टी मला प्रामाणिकपणे म्हणाव्याशा वाटतात. हाफकिन यांच्यावर अन्याय झाला. आणि तरीही कार्बोलिक काढल्यामुळे बाटलीत चुकून शिरलेल्या जंतूला रोखणारं काही उरलं नव्हतं, हेही खरं. आज एका बाटलीतून अनेकांना द्यायच्या बऱ्याच लसींमध्ये जंतुरोधक घातलेलं असतं, ते याचसाठी.

माझा चिमटा

ही गोष्ट मला एवढी का लागते, ते सांगतो. नव्वदीच्या सुरुवातीला मी इंटर्न होतो. ग्रामीण भागातल्या एका आरोग्य केंद्रात लसीकरणाचा दिवस. तेव्हा काचेच्या सिरिंज असत, त्या उकळून वापरायच्या आणि भांड्यातून चिमट्याने उचलायच्या. बाहेर पन्नासेक आया पोरं कडेवर घेऊन उभ्या. माझ्या हातून चिमटा फरशीवर पडला. मी तो उचलला, स्पिरिटच्या बोळ्याने पुसला आणि पुन्हा भांड्यात घालणार, तेवढ्यात तिथल्या सिस्टरांनी माझं मनगट धरलं.

"डॉक्टर, परत उकळायचा."

"सिस्टर, स्पिरिटने पुसलाय. किती गर्दी आहे बघा."

"गर्दी थांबेल."

त्यांनी स्टोव्ह पेटवला. बाहेर पोरं रडत होती, मला वाटलं सगळे माझ्याकडेच बघताहेत. वीस मिनिटं गेली. सिस्टर एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांनी तो प्रसंग नंतर कुणाला सांगितलाही नाही.

मुल्कोवालबद्दल मी पुढे एमडी करताना वाचलं. ते पान वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या दिवशी सिस्टर दुसऱ्या खोलीत असत्या तर? शंभरातल्या नव्याण्णव वेळा काहीही झालं नसतं. पण मुल्कोवालच्या मदतनिसालाही असंच वाटलं असणार. तो काही दुष्ट नव्हता. त्याच्यापुढेही रांग होती. चूक करणाऱ्याला शोधून शिक्षा करणं सोपं असतं. चूक होणारच, हे मान्य करून ती माणसापर्यंत पोचू नये अशी व्यवस्था करणं अवघड असतं. एकदा वापरली की आपोआप लॉक होणारी सिरिंज, बाटलीवरचं रबरी बूच, उघडल्याची वेळ लिहायची सक्ती, ही सगळी अशी व्यवस्था आहे. कुणीतरी मेल्यानंतरच ती सुचलेली असते.

कोविडच्या वेळी एक काका माझ्याकडे आले. "डॉक्टर, लस घेऊन लोक मेले असं म्हणतात. तुम्ही खरं सांगा." मी त्यांना मुल्कोवालची गोष्ट सांगितली. ते घाबरतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही लपवत नाही." दुसऱ्या दिवशी ते काकूंना घेऊन लस घ्यायला गेले.

आज आपल्यासाठी काय?

प्लेग आज पूर्ण नाहीसा झालेला नाही. १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आढळला होता. फरक असा की आज स्ट्रेप्टोमायसिन, डॉक्सिसायक्लिन यांसारखी प्रतिजैविकं आहेत आणि वेळेत सुरू केली तर रुग्ण बरा होतो. घराच्या आसपास अचानक बरेच उंदीर मरून पडले तर हाताने उचलू नका, ग्रामपंचायतीला किंवा महापालिकेला कळवा.

धनुर्वात मात्र आपल्या रोजच्या आयुष्यातला धोका आहे. मातीत, गोठ्यात, शेतात जखम झाली तर आधी वाहत्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवा. हळद, चुना, शेण काहीही लावू नका. आता टीटीऐवजी टीडीचं इंजेक्शन मिळतं, त्यात घटसर्पापासूनही संरक्षण असतं. लहानपणीचे डोस पूर्ण झाले असतील तर मोठ्या माणसाला दर दहा वर्षांनी एक डोस पुरतो. खोल किंवा घाणेरडी जखम असेल तर डॉक्टरांना विचारा, डोस आधीही लागू शकतो. प्रत्येक खरचटण्यासाठी "टीटी द्या" असा हट्ट करू नका.

आणि दवाखान्यात सुई पाकिटातून तुमच्यासमोर काढली की नाही, ते बघायला संकोच करू नका. चांगला डॉक्टर रागावणार नाही.

वहीत उतरवण्यासाठी

२३ सप्टेंबर १८९६ – डॉ. व्हिएगास यांचं मुंबईतल्या प्लेगचं निदान.
१० जानेवारी १८९७ – हाफकिन यांनी स्वतःला प्लेगची लस टोचली.
४ फेब्रुवारी १८९७ – साथरोग कायदा.
१० मार्च १८९७ – सावित्रीबाई फुले यांचं प्लेगने निधन.
२२ जून १८९७ – पुण्यात रँड यांच्यावर गोळी.
३० ऑक्टोबर १९०२ – मुल्कोवाल, १९ मृत्यू.

त्या मुलाला मी हे सगळं सांगितलं. त्याने शेवटची तारीख लिहून घेतली आणि विचारलं, "सर, ही परीक्षेत येते का?" मी म्हटलं, "तुझ्या नाही. आमच्या रोज येते."

काळजी घ्या.